पाण्याभोवतीचा कठडा

मोशेच्या नियमशास्त्रात घर बांधणाऱ्या मनुष्यासाठी एक लहानसा नियम घालून दिलेला आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तो सापडतो. नवे घर बांधणाराने धाब्याला कठडा केला पाहिजे. तो न केल्यामुळे कोणी खाली पडून मेला, तर त्या मृत्यूचा दोष घरधन्याच्या माथी बसतो, असा त्या नियमाचा आशय आहे. त्या देशातील घरांची छपरे सपाट असत. लोक तेथे धान्य वाळवीत, उन्हाळ्यात निजत, पाहुण्यांस बसवीत. म्हणून शेजाऱ्यावरील प्रीती ही केवळ तोंडाने बोलावयाची गोष्ट न राहता तिला दगडमातीचे रूप द्यावे लागे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातही ज्याने खड्डा खणून उघडा टाकला आणि त्यात दुसऱ्याचे जनावर पडले, त्याने त्याची किंमत भरून द्यावी असे ठरविले आहे. ‘पडणाऱ्याने पाहून का चालू नये?’ असा प्रश्न तेथे विचारलेला नाही. खड्डा ज्याचा, जबाबदारी त्याची.

हे जुने तत्त्व आमच्या काळात एका अगदी नव्या वस्तूस लागू झाले आहे. ती वस्तू म्हणजे घराच्या अंगणातील पोहण्याचा तलाव. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फ्रान्स, अमेरिकेतील कॅलिफोर्निया व फ्लॉरिडा अशा उष्ण किंवा सुखवस्तू प्रदेशांत मध्यम स्थितीच्या कुटुंबांच्या परसातही असे तलाव असतात. आमच्या महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबे सांप्रत सिडनी, मेलबर्न, ऑकलंड, कॅलिफोर्निया येथे नांदत आहेत. आणि इकडेही लोणावळा, कर्जत, अलिबाग ह्या भागांत सुटीसाठी भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांतून असे तलाव दिसू लागले आहेत. तेव्हा ह्या तलावांभोवती कुंपण कसे असावे, त्याविषयी निरनिराळ्या देशांनी कोणते कायदे केले आहेत, आणि त्या प्रत्येक नियमामागे कोणते कारण आहे, ह्याची माहिती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस निरुपयोगी होणार नाही, असे आम्हांस वाटते.

मूल बुडते कसे?

प्रथम एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. बुडणारे मूल हातपाय आपटील, ओरडेल, आणि तो आवाज ऐकून आपण धावून जाऊ, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. ओरडण्यास श्वास लागतो, आणि ज्याचे तोंड पाण्याखाली गेले त्यास श्वासच मिळत नाही. एक-दोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते वाकून पाण्यात डोकावले म्हणजे डोक्याकडून आत जाते, आणि स्वतःस उलटून सरळ करण्याचे बळ त्याच्या अंगी नसते. म्हणूनच असे मूल पाण्याच्या बादलीतही बुडू शकते. प्राणवायू बंद झाल्यावर थोड्याच मिनिटांत मेंदूस कायमची इजा होऊ लागते. सारांश, हा मृत्यू मुकाट्याने येतो व फार त्वरेने येतो.

अमेरिकेतील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या सरकारी आयोगाने विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात कॅलिफोर्निया, ॲरिझोना व फ्लॉरिडा ह्या तीन राज्यांतील बालकांच्या अशा अपघातांची बारकाईने चौकशी केली. तिच्यातून निघालेली माहिती प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बुडालेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुले शेवटची दिसली ती घराच्या आत. ती पाण्याजवळ असतील अशी कोणास कल्पनाही नव्हती. शंभरांपैकी सत्त्याहत्तर मुले दृष्टीआड होऊन पाच मिनिटे किंवा त्याहूनही कमी वेळ झाला होता. आणि बहुतेक वेळी सांभाळ करणारे कोणी ना कोणी घरी होतेच. बहुधा आईबापांपैकीच एक जण.

ह्याच चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली, ती सर्वांत विचार करावयास लावणारी आहे. परक्याच्या आवारात चोरून शिरलेल्या मुलांचे अपघात शंभरांत दोनही नव्हते. कुंपण म्हणजे बाहेरच्यांस आत येऊ न देण्याचे साधन, असे आपण समजतो. पण धोका रस्त्यावरून येत नव्हता; तो स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून, अनवाणी पावलांनी, अंगणात उतरत होता. ज्या मुलासाठी तलाव बांधला, तेच मूल त्यात गेले.

तीन बाजू की चार?

ह्या एका गोष्टीवरून कुंपणाविषयीचा सारा विचार बदलतो. ज्या घराच्या आवारास तीन बाजूंनी भिंत आहे आणि चौथी बाजू खुद्द घराची आहे, तेथील तलाव रस्त्यावरच्या मुलांपासून सुरक्षित असेल. पण घरातील मुलास तेथे जाण्यास एक दारच काय ते आडवे असते, आणि दार ही उघडण्याचीच वस्तू आहे. म्हणून तलावाच्या चारही बाजूंनी, म्हणजे घराच्या बाजूनेही, स्वतंत्र कुंपण हवे, असे तज्ज्ञ सांगतात.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. वैद्यकीय प्रयोगांचे व निरीक्षणांचे तौलनिक परीक्षण करणाऱ्या ‘कोक्रेन’ ह्या मंडळाने ह्या विषयावर १९९८ साली एक समालोचन प्रसिद्ध केले. ज्या तलावांवर मुले बुडाली ते आणि ज्यांवर बुडाली नाहीत ते, ह्यांची तुलना करणारे अभ्यास त्यात एकत्र केले होते. त्यांवरून असे दिसले की, तीन बाजूंच्या आवारभिंतीपेक्षा चारही बाजूंच्या कुंपणाने मूल बुडण्याचा संभव सुमारे ८३ टक्क्यांनी कमी होतो. एवढा लाभ देणारी दुसरी साधी वस्तू आरोग्याच्या क्षेत्रातही क्वचितच सापडेल.

कुंपणाची रचना

आता हे कुंपण कसे असते ते पाहू. ऑस्ट्रेलियातील मानक ह्या बाबतीत फार तपशीलवार आहे. त्यातील मुख्य कलमे व त्यांची कारणे येणेप्रमाणे आहेत.

(१) उंची. कुंपण जमिनीपासून निदान १२० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चार फूट, उंच असावे. अमेरिकेतील उपरिनिर्दिष्ट आयोगानेही ४८ इंच, म्हणजे जवळजवळ तीच उंची सुचविली आहे. पाच वर्षांखालील मुलास एवढी उंची केवळ हातांच्या बळावर चढून जाणे कठीण असते. शेजाऱ्याच्या व आपल्या जागेमधील भिंतच जर कुंपण म्हणून धरावयाची असेल, तर तिची उंची १८० सेंटिमीटर लागते. कारण शेजारी भिंतीला टेकून काय ठेवील ह्यावर आपला ताबा नसतो.

(२) फटी. दोन उभ्या गजांमध्ये किंवा कुंपणाच्या खाली १० सेंटिमीटरहून अधिक जागा राहू नये. लहान मूल अंग चोरून कोठूनही निघते; पण त्याचे डोके एवढ्या फटीतून जात नाही, आणि जेथे डोके जात नाही तेथे मूल जात नाही.

(३) चढण्यास आधार. गज उभे असावेत, आडवे नसावेत. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलासाठी तयार शिडीच होय. त्या लावणे भाग असेल तर दोहोंमध्ये ९० सेंटिमीटरचे अंतर राखावे लागते. जाळी वापरल्यास तिची छिद्रे १३ मिलिमीटरहून मोठी नसावीत. नाहीतर मुलाच्या पायाची बोटे त्यांत अडकून त्यास पायऱ्या मिळतात. मोठ्या छिद्रांची जाळी वापरावयाची तर उंची १८० सेंटिमीटर करावी लागते.

(४) मोकळा पट्टा. हे कलम लोक सर्वांत अधिक मोडतात. कुंपणालगत ९० सेंटिमीटरपर्यंत चढण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू असू नये. फुलझाडाची कुंडी, खुर्ची, खेळण्यांची पेटी, पालथी घातलेली बादली, झाडाची खाली आलेली फांदी, ह्यांपैकी कशानेही १२० सेंटिमीटरचे कुंपण ७० सेंटिमीटरचे होऊन बसते. कुंपण तेच असते, पण त्याचा अर्थ नाहीसा झालेला असतो.

(५) फाटक. कुंपणाचा दुबळा भाग म्हणजे फाटक, आणि म्हणून त्याविषयीचे नियम सर्वांत कडक आहेत. ते तलावाच्या विरुद्ध दिशेस, म्हणजे बाहेरच्या बाजूस उघडले पाहिजे. मुलाची सवय दार पुढे ढकलण्याची असते. फाटक आतल्या बाजूस उघडत असेल आणि कडी नीट बसली नसेल, तर मूल नुसते टेकले तरी आत जाईल. बाहेर उघडणारे फाटक मात्र मुलाच्या ढकलण्याने उलट अधिकच घट्ट मिटते. शिवाय ते कितीही उघडलेले असो, अगदी बोटभर का असेना, स्प्रिंगच्या बिजागऱ्यांच्या जोराने आपोआप मिटले पाहिजे व त्याची खिटी आपोआप पडली पाहिजे. खिटी उघडण्याची मूठ जमिनीपासून १५० सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे मोठ्यांच्या हातास ती सहज लागते आणि लहानांच्या लागत नाही; ती खाली बसविल्यास लहान हात पोहोचणार नाही अशी आडोशाची योजना करावी लागते.

ह्या सर्व कलमांमध्ये एक सूत्र आहे, तेही सांगितले पाहिजे. माणसाच्या आठवणीवर जे अवलंबून आहे ते केव्हा ना केव्हा चुकणारच, असे गृहीत धरून ही रचना केलेली आहे. ‘फाटक लावून घ्या’ अशी पाटी लावणे सोपे आहे. परंतु हातात जेवणाचे ताट आहे, दाराशी कोणी हाक मारीत आहे, अशा वेळी पाटी कोण वाचतो? स्प्रिंग मात्र विसरत नाही. आणि म्हणूनच, वारंवार जाण्यायेण्याचा त्रास वाचावा म्हणून फाटकास वीट लावून ते उघडे ठेवणारा मनुष्य ती सारी योजना एका विटेने फुकट घालवीत असतो.

निरनिराळ्या देशांचे कायदे

न्यूझीलंडाने १९८७ साली पोहण्याच्या तलावांस कुंपण घालण्याचा स्वतंत्र कायदा सर्व देशासाठी केला. १ जानेवारी २०१७ पासून ते नियम इमारतींच्या कायद्यात घेण्यात आले. त्यांप्रमाणे ४० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक खोल पाणी राहू शकेल अशा घरगुती तलावास अडथळा हवाच, आणि दर तीन वर्षांनी त्याची तपासणी झाली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स ह्या राज्याचा कायदा १९९२ सालचा आहे. तेथे ही मर्यादा ३० सेंटिमीटर, म्हणजे मोठ्यांच्या गुडघ्याइतकीही नाही. बाजारातून आणून हवा भरून अंगणात मांडलेला रबरी हौदही इतके पाणी राहू शकत असल्यास कायद्याच्या कक्षेत येतो. तेथे प्रत्येक तलावाची नोंद करावी लागते, आणि एप्रिल २०१६ पासून असे घर विकताना किंवा भाड्याने देताना तलावाच्या कुंपणासंबंधीचा दाखला लागतो. तिकडे घर भाड्याने घेणाऱ्या आमच्या बांधवांनी हा दाखला अवश्य मागून पाहावा.

फ्रान्सने निराळा मार्ग धरला. ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने तेथे जमिनीत बांधलेल्या तलावांच्या मालकांस चार साधनांपैकी एक निवडण्याची मुभा आहे: कुंपण, पाण्यात काही पडताच वाजणारी घंटा, पाण्यावर पसरावयाचे भक्कम आच्छादन, किंवा सबंध तलावावर उभारलेले छप्पर. जो ह्यांपैकी एकही करणार नाही त्यास ४५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मुभा दिल्याने लोकांची कुरकुर कमी होते हे खरे. परंतु चारही साधने सारख्या योग्यतेची नव्हेत. आच्छादन रोज पसरावे लागते. घंटा वाजते ती मूल पाण्यात पडल्यानंतर. कुंपण मात्र पडण्यापूर्वीच काम करते, व त्यासाठी कोणास काही करावे लागत नाही.

आक्षेप व उत्तर

आता कोणी म्हणेल, ‘अंगण माझे, तलाव माझा, मूलही माझेच, सरकारने त्यात का पडावे?’ हा आक्षेप ऑस्ट्रेलियातही जोराने घेतला गेला. कुंपणाने बागेची शोभा जाते, खर्च वाढतो, आणि आम्ही आमच्या मुलांवर नजर ठेवण्यास समर्थ आहोत, असे घरमालकांचे म्हणणे होते. जुन्या तलावांच्या मालकांस काही सवलतीही मिळाल्या. न्यू साउथ वेल्समध्ये १ ऑगस्ट १९९० पूर्वीच्या तलावांपैकी पुष्कळांस घराची भिंत हीच एक बाजू धरण्याची परवानगी राहिली. अट एवढीच की, त्या बाजूची दारेखिडक्या मुलांस उघडता येणार नाहीत अशा असाव्यात.

शोभेचा आक्षेप खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. निळ्या पाण्यापुढे गज उभे केले तर दृश्य तुटते, हे कोणीही कबूल करील. हल्ली जाड काचेची कुंपणे निघाली आहेत, ती ह्याच कारणास्तव. परंतु नजर ठेवण्याविषयीचा जो आक्षेप आहे, त्याचे उत्तर वर सांगितलेल्या चौकशीतच आहे. ती मुले निष्काळजी घरांतील नव्हती. कोणाचा टेलिफोन वाजला होता, कोणी चुलीवरचे उतरवीत होते. पाच मिनिटे नजर चुकणे हा प्रीतीचा अभाव नव्हे. तो मनुष्यस्वभाव आहे. ज्या घरी अशी आपत्ती आली त्या घरातील आईबापांस दोष देण्याची जी समाजाची खोड, ती क्रूर आहे आणि निरर्थकही आहे. कारण दोष दिल्याने पुढचे मूल वाचत नाही, कठडा बांधल्याने वाचते. शिवाय मूल ‘माझे’ असले तरी त्याचा प्राण माझ्या मालकीचा नव्हे. तो ज्याने दिला त्याचा आहे. आपण केवळ राखणदार आहोत.

तरीही कुंपण म्हणजे सर्वस्व नव्हे. जाणते लोक त्यास संरक्षणाच्या अनेक फळ्यांपैकी एक समजतात. मुले पाण्यात असताना एका मोठ्या मनुष्याने दुसरे काहीही न करता त्यांच्याकडेच पाहत, हाताच्या अंतरावर असावे. सर्वांनी पाहावयाचे म्हटले की कोणीच पाहत नाही. पोहणे झाल्यावर चेंडू व खेळणी पाण्यातून काढून ठेवावीत, म्हणजे त्यांच्या मोहाने मूल परत येत नाही. मुलांस पोहणे शिकवावे. आणि घरातील मोठ्यांनी बुडालेल्याचा श्वास परत आणण्याची रीत शिकून घ्यावी. मूल बाहेर काढल्यावर त्यास उलटे टांगणे, गरगर फिरविणे किंवा पोट दाबून पाणी काढणे ह्यांत अमोल वेळ जातो. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबणे व श्वास देणे आळीपाळीने चालू ठेवावे, आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आमच्याकडील पाणी

आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या घरी पोहण्याचा तलाव असेल. मग हा सारा प्रपंच आम्ही कशासाठी केला? कारण पाणी सर्वत्र सारखेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लक्ष माणसे बुडून मेली, आणि त्यांपैकी जवळजवळ चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. ह्यांतील बहुसंख्य गरीब व मध्यम स्थितीच्या देशांतील आहेत. त्यांनी निळ्या फरशीचा तलाव कधी पाहिलाही नसेल. त्यांच्या वाट्यास आली ती विहीर, पोखर, नदी, खड्डा.

आमच्या महाराष्ट्रात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ ह्या योजनेने पुष्कळ ठिकाणी शेततळी झाली. दुष्काळी भागास ती वरदान आहेत, ह्यात संशय नाही. परंतु ज्या तळ्यास प्लास्टिकचे अस्तर असते, त्याचा उतार ओला झाला की पाय ठरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यासही बाहेर येता येत नाही, मग मुलांची काय कथा! अशा तळ्याभोवती तारेचे कुंपण व बंद होणारे फाटक असलेच पाहिजे, आणि काठावर पक्क्या खुंटास बांधून गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवला पाहिजे. उघड्या कूपनलिकांत मुले पडण्याचे प्रसंग वारंवार आल्यामुळे आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली आदेश दिले की, खोदकाम चालू असता भोवती कुंपण घालावे, नळीभोवती सिमेंटचा ओटा करावा, आणि सोडून दिलेली कूपनलिका बुजवून टाकावी. खड्डा उघडा टाकणाराविषयी मोशेने जे ठरविले, तेच ह्या आदेशांत निराळ्या शब्दांनी आले आहे.

जेथे कुंपण घालणे अशक्य, तेथेही उपाय असतो. बांगलादेशातील खेड्यांत घराघराशेजारी पोखरी आहेत. प्रत्येकीस कठडा कोण बांधणार? तेथे सकाळी आया कामात असतात त्याच वेळी मुले अधिक बुडतात, असे दिसून आले. म्हणून गावातीलच एखादी बाई सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत पाच वर्षांखालील मुलांस एका घरी जमवून सांभाळते. ह्या बालगृहांनी बुडण्याचे प्रमाण फार कमी केले आहे. पाण्यास कठडा घालता आला नाही, तर त्यांनी वेळेस कठडा घातला.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, हा अंक खाली ठेवल्यावर त्यांनी आपल्या आवारात एकदा फिरून यावे: हौदास झाकण आहे काय, विहिरीचा कथडा मुलाच्या छातीहून उंच आहे काय, त्याला टेकून दगड किंवा पाटा पडला आहे काय, न्हाणीघरातील बादली भरलेली राहते काय, हे पाहावे. सुटीत तलावाच्या बंगल्यात उतरल्यास पेट्या सोडण्यापूर्वी पाण्याकडे जाण्याची वाट पाहून घ्यावी. आणि विद्यार्थ्यांनो, घरी धाकटे भावंड असेल तर फाटकाची खिटी पडल्याचा आवाज ऐकल्याखेरीज तुम्ही पुढे पाऊल टाकू नका. एवढ्याशा खिटीच्या आवाजावर एखाद्या घरातील दिवा अवलंबून असतो.